काळे मोहरे आलेत? आधी समोरचा ए१ वरचा हत्ती बघा

बुद्धिबळाच्या टुर्नामेंटमध्ये पेअरिंगचा, म्हणजे कोणाचा डाव कोणाशी याचा, कागद भिंतीवर लागला की पोरं धावत जातात आणि सगळ्यात आधी रंग बघतात, समोर कोण आहे ते नंतर. पांढरे असतील तर ठीक, काळे असतील तर चेहरा उतरतो आणि तिथेच मनात ठरतं की आज बरोबरीत सुटलं तरी बास. मी पण खूप वर्षं असाच खेळलो, काळे आले की प्यादी एकमेकांना चिकटवून ठेवायची, राजाभोवती सगळे गोळा करायचे आणि समोरचा काय करतो त्याची वाट बघायची. आणि असे डाव बहुतेक वेळा एकाच पद्धतीने जायचे, चूक कुठली ते सांगता यायचं नाही पण तिसाव्या चालीपर्यंत श्वास कोंडलेला असायचा.

एक गोष्ट मान्य करूनच पुढे जाऊ. पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, खरंच असतो. खेळलेल्या डावांच्या मोठमोठ्या डेटाबेसमध्ये बघितलं तर पांढऱ्याला साधारण ५४-५५ टक्के गुण मिळतात, उरलेले काळ्याला. म्हणजे फरक आहे पण डोंगराएवढा नाही, फरक आहे एका चालीचा. आणि एक चाल ही अशी वस्तू आहे की समोरचा खेळाडू ती स्वतःच्या हाताने वाया घालवू शकतो, आणि घालवतोच. काळ्या बाजूने जिंकायचं म्हणजे ती वाया गेलेली चाल ओळखायची आणि त्या क्षणी आपले मोहरे पुढे काढायचे. सगळा लेख याच्यावरच आहे.

आधी मोहरा 'ॲक्टिव्ह' आहे म्हणजे काय ते नीट बघू, कारण हा शब्द सगळे कोच वापरतात आणि पोरं मान डोलावतात. रिकाम्या पटावर घोडा मध्यभागी ठेवला तर तो ८ घरांवर मारा करतो, तोच घोडा कोपऱ्यात ठेवा, फक्त २. उंट मध्यभागी १३ घरं बघतो, कोपऱ्यातून ७. हत्तीचं मात्र वेगळं आहे, रिकाम्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, १४ च घरं. त्यामुळे हत्तीला मध्यभागी नेऊन काही उपयोग नसतो, त्याला हवी असते मोकळी उभी पट्टी, म्हणजे जिच्यावर प्यादं नाही अशी. आणि खऱ्या डावात पट रिकामा नसतोच, त्यामुळे प्रश्न एवढाच की या मोहऱ्याच्या वाटेत कोण उभं आहे, आपलंच प्यादं का? मग तो मोहरा पटावर असून नसल्यासारखा.

आपण सगळे हिशोब शिकतो, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. हा हिशोब चूक नाही, पण तो गोदामातल्या मालाचा हिशोब आहे. लढाई चालू आहे राजाच्या बाजूला आणि तुझा हत्ती बसलाय ए१ वर, स्वतःच्याच प्याद्यामागे, तर त्या लढाईपुरता त्याचा भाव शून्य. (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८, म्हणजे ए१ हा पांढऱ्याचा डावा कोपरा. नुसतं 'सी३ खेळला' म्हटलं की प्यादं सी३ वर सरकलं असं समजा.) हे एकदा डोक्यात बसलं की काळ्या बाजूचे सगळे सुंदर डाव उलगडायला लागतात. मी तीन डाव दाखवतो, त्यातला मधला सगळ्यात सविस्तर कारण तो माझ्या मते या विषयावरचा जगातला सर्वात चांगला धडा आहे.

पहिला डाव १८५७ चा, न्यूयॉर्कमधल्या पहिल्या अमेरिकन चेस काँग्रेस या स्पर्धेतला. पांढऱ्या बाजूला लुई पॉलसन, काळ्या बाजूला २० वर्षांचा पॉल मॉर्फी. यातली एकच चाल मला तुमच्यासमोर ठेवायची आहे, बारावी. पांढऱ्याने नुकतंच सी३ खेळलंय, पुढे डी४ करून मध्यभाग घ्यायचा आणि सी१ वरच्या उंटाला वाट करून द्यायची असा सरळ बेत. मॉर्फीने वजीर उचलला आणि डी३ वर ठेवला, पांढऱ्याच्या डी२ च्या प्याद्याच्या बरोब्बर समोर. शह नाही, मार नाही, काही खाल्लं नाही, पण ते प्यादं जागेवर खिळलं, आणि प्यादं खिळलं की मागचा उंट पण अडकला. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ट्रक लावावा तसं. पुढे १७ व्या चालीला मॉर्फीने तोच वजीर एफ३ वरच्या उंटावर देऊन टाकला, हत्ती जी६ वर येऊन शह, उंट एच३ वर, आणि पांढऱ्याचा राजा उघडा पडला. २८ चालींत डाव संपला आणि तोपर्यंत पांढऱ्याचा सी१ चा उंट एकदाही हललेला नव्हता. एकदाही नाही! वजिराचा बळी सगळ्यांना आठवतो पण मला विचाराल तर डाव जिंकला तो डी३ च्या चालीने, बळी हा फक्त वसुलीचा दिवस होता.

आता मुख्य डाव. १९०७, लॉड्झ शहर, पोलिश लोक त्याला वुच म्हणतात, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. पांढऱ्या बाजूला रोतलेवी, काळ्या बाजूला अकिबा रुबिनस्टाईन. पट काढा बरं, किंवा मोबाईलवर ॲनालिसिस बोर्ड उघडा, नुसतं वाचून मजा नाही.

सुरुवात अगदी शांत, वजिराच्या प्याद्याची ओपनिंग, दोन्हीकडून डी-प्यादं, सी-प्यादं, घोडे बाहेर. बघता बघता दोघांची सी आणि डी ची प्यादी पटावरून जातात. या सगळ्यात पांढऱ्याने दोन छोट्या उधळपट्ट्या केल्या. एक म्हणजे त्याचा एफ१ चा उंट डी३ वर आला, लगेच काळ्याने डी-प्याद्याने सी४ वरचं प्यादं खाल्लं, मग उंटाने सी४ वर परत खाल्लं, काळ्याने बी५ करून त्याला हाकललं आणि उंट परत डी३ वर. म्हणजे डी३ ला एकदा आला होता तिथेच दुसऱ्यांदा आला. ही क्लृप्ती लक्षात ठेवा, वजिराच्या बाजूच्या ओपनिंगमध्ये काळा मुद्दाम वाट बघतो की पांढऱ्याचा उंट आधी हलू दे, मग मी सी४ खातो, कारण उंट हलायच्या आधी खाल्लं तर तो एकाच चालीत सी४ ला पोचतो, हलल्यावर खाल्लं तर दोन चाली लागतात. दुसरी उधळपट्टी वजिराची, आधी डी२ वर, मग तिथून ई२ वर. काळ्याचा वजीर मात्र एका चालीत ई७ ला जाऊन बसला.

आता पंधराव्या चालीला पांढऱ्याने कॅसलिंग केल्यावर, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेल्यावर, पट बघा. पांढऱ्याचा वजीर ई२, काळ्याचा ई७. पांढऱ्याचे उंट बी२ आणि डी३, काळ्याचे बी७ आणि डी६. घोडे सी३-एफ३, समोर सी६-एफ६. प्यादी ए३ बी४ ई३, समोर ए६ बी५ ई६. मध्ये आरसा ठेवलाय असं वाटतं, प्रत्येक मोहऱ्यासमोर त्याचं प्रतिबिंब. फरक एवढाच की काळ्याचा एक हत्ती डी८ वर मोकळ्या पट्टीवर येऊन बसलेला आहे, आणि खेळायची पाळी पण काळ्याची! पांढऱ्याने सुरुवात केली होती, एक चाल पुढे होता, आणि पंधरा चालींत उलटं झालं, आता काळाच पांढरा झालाय आणि वर एक चाल जास्तीची. पांढऱ्याने कुठलंही प्यादं गमावलं नाही, कुठली मोठी चूक केली नाही, फक्त दोन चाली सांडल्या.

इथे बहुतेक लोक काय करतील? दुसरा हत्ती सी८ वर आणतील, छान चाल आहे, वाईट नाही. रुबिनस्टाईनने घोडा ई५ वर टाकला. कारण समजून घ्या, आरशासारख्या पोझिशनमध्ये ज्याची पाळी आहे त्याने आधी भिडायचं असतं, थांबलात तर पुढच्या चालीला समोरचा हत्ती डी१ वर आणतो आणि बरोबरी साधतो. घोड्यांची अदलाबदल झाली, काळ्याचा उंट ई५ वर आला आणि लगेच एक धमकी तयार, उंट एच२ वरचं प्यादं खाऊन शह देणार, राजाने उंट खाल्ला की वजीर डी६ वर येऊन शह, आणि त्याच वजिराचा डोळा डी३ वरच्या उंटावर, मागे डी८ चा हत्ती उभा आहेच. हिशोब केलात तर काळ्याला एक प्यादं फुकट. बघा, ती जी जास्तीची एक चाल होती, हत्ती डी८, तिच्याशिवाय ही धमकी चाललीच नसती. एका चालीचं महत्त्व काय ते असं.

पांढऱ्याने एफ४ करून धमकी थांबवली, उंट सी७ वर मागे गेला. नवीन खेळणाऱ्याला वाटेल की अरे उंट मागे गेला, डिफेन्सिव्ह झाला. पण मागे गेलेला उंट आणि निष्क्रिय उंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफ-प्यादं पुढे सरकल्यामुळे पांढऱ्याच्या राजाकडे जाणारा ए७ ते जी१ असा तिरका रस्ता आता उघडा पडायला आलाय, आणि उंट सी७ वरून बी६ वर जायला तयार आहे. पांढऱ्याला अजून धोका दिसत नाही, त्याला मध्यभागी प्यादी पुढे ढकलायची आहेत, ई४, मग ई५. मधल्या वेळात काळ्याने दुसरा हत्ती सी८ वर आणला, आता पटावरचा त्याचा एकही मोहरा बिनकामाचा नाही.

पांढऱ्याची एकोणिसावी चाल, ई५, ही मला मुलांना नेहमी थांबवून दाखवावीशी वाटते कारण दिसायला ती इतकी आक्रमक आहे! प्यादं पुढे, घोड्यावर हल्ला. पण या एका चालीने काय काय झालं बघा. ई४ वर प्यादं होतं तोपर्यंत बी७ च्या काळ्या उंटाचा रस्ता बंद होता, प्यादं पुढे सरकलं आणि बी७ पासून थेट पांढऱ्याच्या राजापर्यंत खिडकी उघडली. आणि पांढऱ्याचा स्वतःचा बी२ चा उंट, ज्याच्या समोर आधी सी३ चा घोडा होताच, त्याच्या रस्त्यात आता ई५ चं प्यादं पण येऊन बसलं. समोरच्याचा उंट जागा केला आणि आपला झोपवला. प्यादी पुढे ढकलणं म्हणजे ॲक्टिव्ह खेळणं असं खूप जणांना वाटतं, तर असं नसतं, प्यादं पुढे गेलं की मागे भोकं राहतात आणि रस्ते उघडतात, ते कोणाला उपयोगी पडणार हे आधी बघायचं.

काळ्याने बी६ वरून शह दिला, राजा एच१ वर कोपऱ्यात गेला आणि घोडा जी४ वर. आता काळ्याचे दोन उंट बी६ आणि बी७ शेजारी शेजारी बसून दोन तिरक्या रेषांनी राजाच्या घराकडे बघतायत, घोडा एच२ वर टपलाय, हत्ती सी आणि डी पट्टीवर. पांढऱ्याने मधला उंट ई४ वर आणून बी७ ची खिडकी बंद करायचा प्रयत्न केला, काळ्याचा वजीर एच४ वर, एच२ वर मात देण्याची धमकी. पांढऱ्याने जी३ खेळून वजिरालाच हाकललं. आता काय, वजीर मागे घ्यायचा?

बाविसावी चाल, हत्ती सी३ वरचा घोडा खातो. वजीर तसाच माऱ्यात सोडून! का चालतं? कारण ई४ च्या उंटाला धरून ठेवणारा मुख्य आधार तो घोडा होता. पांढऱ्याने हत्ती खाल्ला तर काळ्याचा बी७ चा उंट ई४ ला मारून शह देतो, पांढऱ्याच्या वजिराला तो मारावा लागतो आणि मग एच२ वर मात. म्हणून पांढऱ्याने वजीर खाल्ला, दुसरं करणार काय.

आणि तेविसावी चाल, दुसरा हत्ती डी२ वर. या क्षणी डाव थांबवून पट बघत बसा, मी तरी अजूनही बसतो. काळ्याकडे वजीर नाही. सी३ चा हत्ती पांढऱ्याच्या उंटाच्या माऱ्यात, डी२ चा हत्ती वजिराच्या माऱ्यात, जी४ चा घोडा वजिराच्या माऱ्यात, बी७ चा उंट ई४ च्या उंटाच्या माऱ्यात. पाचपैकी चार मोहरे एकाच वेळी मारात आणि तरीही डाव पांढऱ्याच्या हातातून गेलेला. वजिराने डी२ खाल्लं, काळ्याच्या उंटाने ई४ खाऊन शह, वजीर जी२ वर आडवा आला, आणि हत्ती सी३ वरून एच३ वर सरकला. पुढे एच२ वर मात, काहीही केलं तरी. एफ१ चा हत्ती एफ२ वर आणला तर बी६ चा उंट तो खातो, पांढरा वजीर ई४ चा उंट खाईल, तोपर्यंत एच२ वर हत्तीने मात. पांढऱ्याने राजीनामा दिला.

आता परत ए१ कडे बघा, म्हणूनच मी शीर्षकात तो हत्ती आणलाय. पूर्ण डावात पांढऱ्याचा ए१ चा हत्ती जागचा हलला नाही. बी२ चा उंट नवव्या चालीला तिथे बसला तो शेवटपर्यंत तिथेच. कागदावर पांढऱ्याकडे शेवटी वजीर जास्त होता, पण राजाच्या अंगणात हजेरी घेतली तर काळ्याचे चार मोहरे, दोन उंट, एक हत्ती, एक घोडा, आणि पांढऱ्याचे दोन, वजीर आणि एफ१ चा हत्ती, तेही एकमेकांच्या पायात. तिथे लढाई चालू होती आणि ए१ चा पाच गुणांचा हत्ती लांब उभा होता.

तिसरा डाव आपल्या विशी आनंदचा. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची स्पर्धा, आनंद तेव्हा जगज्जेता होता आणि काळे घेऊन लेव्हॉन आरोनियनसमोर बसला होता. तपशिलात नाही जात पण दोन-तीन गोष्टी बघाच. आरोनियनचा घोडा एफ३ वरून जी५, मग एच७ चं प्यादं, पुढे एफ८ चा हत्ती खाऊन जी६ वर, अशा पाच चाली एकटा खेळला. उंटाच्या पण पाच. २३ चालींच्या डावात १० चाली दोनच मोहऱ्यांच्या! आणि तोवर काळ्याने काय केलं, बी७ वर एक उंट, दुसरा सी५ वर, घोडा जी४ वर. ओळखीचं वाटतंय ना? रुबिनस्टाईनचीच रचना, १०६ वर्षांनी.

सोळाव्या चालीला आनंदने दुसरा घोडा पण ई५ वर टाकला, एफ४ च्या प्याद्याच्या तोंडात. पांढऱ्याने तो खाल्ला असता तर वजीर डी४ वर शह, राजा एच१, वजीर जी१ वर शह, हत्तीला वजीर खावाच लागतो आणि मग घोडा एफ२ वर मात, स्वतःच्याच मोहऱ्यांमध्ये गुदमरलेला राजा. आरोनियनने नाही खाल्लं, दुसरा रस्ता घेतला, पुढे त्याच्या घोड्याने एफ८ वरचा हत्ती खाल्ला तेव्हा आनंदने तो घोडा लगेच परत खाल्लाच नाही! त्याने एफ५ खेळलं, शांतपणे, म्हणजे पांढऱ्याच्या वजिराला एच७ वर शह द्यायचा रस्ता बंद आणि जी४ च्या घोड्याला आधार. मला हा डाव शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो कारण आपला हात आपोआप खाल्लेल्याची भरपाई करायला जातो. आनंदच्या मोहऱ्यांचा जोर एवढा होता की त्याला भरपाईची घाई नव्हती. २३ व्या चालीला उंट ई३ वर आणि आरोनियनने डाव सोडला. शेवटी काळा हिशोबात मागेच होता, हत्ती देऊन घोडा किंवा उंट मिळवलेला. आणि पांढऱ्याचे सी१ चा उंट आणि ए१ चा हत्ती? दोघेही डावभर जागेवर.

तिन्ही डावांत तेच. म्हणून आता माझी सवय अशी झालीय की काळे घेऊन बसलो की दर तीन-चार चालींनी समोरचा कोपरा बघायचा, ए१, बी१, सी१. तिथे किती जण अजून झोपलेत? दोन किंवा जास्त असतील आणि माझे बाहेर आले असतील, तर भिडायची वेळ आत्ताच आहे, दहा चालींनी नाही. कारण ॲक्टिव्हिटी ही उधारीवर आणलेली वस्तू आहे, समोरच्याला वेळ मिळाला की तो आपले मोहरे बाहेर काढतो आणि तुमची आघाडी विरघळते. हे खोटं वाटत असेल तर १९१८ चा न्यूयॉर्कचा कापाब्लांका-मार्शल डाव बघा. मार्शलने काळ्या बाजूने एक प्यादं दिलं, त्याच्या बदल्यात भन्नाट हल्ला मिळवला, पांढऱ्याची वजिराच्या बाजूची फौज सगळी घरातच होती. पण कापाब्लांकाने डोकं थंड ठेवून एकेक धमकी झेलली, हल्ला ओसरला आणि डाव पांढऱ्याने जिंकला. तरी ती कल्पना मेली नाही हं, मार्शल अटॅक आजही वरच्या लेव्हलला खेळतात, काळ्याच्या चाली नंतर सुधारल्या गेल्या, मूळ विचार तोच, एक प्यादं घे आणि तुझी फौज जागी व्हायच्या आत मी येतो.

आणि हे जुन्या लोकांपुरतं नाही. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या टोरोंटोच्या कॅन्डिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दुसऱ्याच फेरीत काळे घेऊन हिकारू नाकामुराला हरवलं, आणि ११ व्याच चालीला उंट एच३ वरच्या प्याद्यावर देऊन. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये दिवसभर त्या पोझिशनचाच विचार करत होतो.

बरं, आता आपल्या लेव्हलचं. मुलं विचारतात की दादा हे सगळं ठीक पण मला कोण हत्तीचा बळी द्यायची संधी देणार. बळी विसरा, तो आला तर येईल. रोजच्या डावात काम करायचं ते साधं आहे, आपला सगळ्यात दुःखी मोहरा कोणता ते शोधायचं आणि पुढची चाल त्याची. बहुतेक वेळा तो मोहरा सी८ चा उंट असतो, विशेषतः ई६ करून खेळणाऱ्यांचा. रुबिनस्टाईनने काय केलं होतं, ए६, बी५ करून त्याला बी७ ची जागा दिली. दोन प्याद्यांच्या चाली फक्त एका उंटासाठी, आणि शेवटी त्याच उंटाने ई४ वर शह दिला.

अदलाबदल करताना पण हाच विचार. समोरच्याने मोहरा बदलायला दिला की आपण पटकन बदलतो कारण बदललं की पट सोपा होतो असं वाटतं. थांबा, विचारा की माझा जागा मोहरा जातोय का त्याचा झोपलेला? ई५ वर बसलेला तुमचा घोडा आणि त्याचा सी१ चा उंट, दोन्ही ३ गुणांचे, पण ही अदलाबदल केलीत तर तुम्ही त्याची अडचण फुकटात सोडवली.

वजिराबद्दल एक सांगायचं राहिलं. वजीर तिसऱ्या-चौथ्या चालीला बाहेर काढणं म्हणजे ॲक्टिव्ह खेळ नाही. त्याला घोडे-उंट हाकलत राहतात आणि हाकलताना स्वतः बाहेर येतात, म्हणजे तुमच्याच खर्चाने समोरच्याची फौज जागी होते. मॉर्फीचा वजीर डी३ वर टिकला कारण त्याला तिथून हाकलायला पांढऱ्याकडे मोकळा मोहराच नव्हता.

एंडगेममध्ये, म्हणजे पटावर थोडेच मोहरे उरल्यावर, तर हे अजूनच कडक. हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं कमी असेल आणि तुमचा हत्ती ते उरलेलं प्यादं राखत मागे बसला असेल तर मरण हळूहळू येतं. तेच प्यादं सोडून द्या, हत्ती दुसऱ्या रांगेत समोरच्याच्या प्याद्यांमागे घाला, राजा पुढे आणा, खूप वेळा डाव वाचतो. हे करताना छातीत धडधडतं हे मला माहितीय, दोन प्यादी कमी असताना हल्ला करायचा म्हणजे. पण मागे बसून हरलेले डाव मोजाल तर लक्षात येईल.

ओपनिंग कुठली घ्यायची हे सगळे विचारतात. मला वाटतं ज्यात मोहऱ्यांना काम मिळतं अशी कुठलीही. टॅराश डिफेन्स, म्हणजे रुबिनस्टाईनने खेळला तोच, शिकण्यासाठी उत्तम आहे कारण त्यात काळ्याचे मोहरे पटापट बाहेर येतात, बदल्यात बहुतेक वेळा डी५ वर एक एकटं प्यादं सांभाळावं लागतं. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन पण आहेत, आणि नावातलं हे 'इंडियन' उगाच नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर जायचं, त्यामुळे आपले खेळाडू प्यादी मागे ठेवून उंट बी किंवा जी च्या बाजूला काढायचे आणि लांबून मारा करायचे. १८५० च्या दशकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेनसमोर अशाच रचना खेळायचे, त्यांचे डाव आजही मिळतात, त्यातला १८५५ चा काळ्या बाजूचा एक तर वजीर देऊन जिंकलेला आहे. शोधून बघाच.

आता घरी करायचं काम. रुबिनस्टाईनच्या डावातली ती आरशासारखी पोझिशन लावा, पंधराव्या चालीनंतरची, आणि सतराव्या चालीपर्यंत मूळ डावाप्रमाणे जा, पांढऱ्याचं एफ४, काळ्याचा उंट सी७. इथे पांढऱ्याने ई४ खेळलं होतं. तुम्ही ई४ खेळू नका, ए१ चा हत्ती सी१ वर आणा, आणि मग कुणाला तरी समोर बसवून काळ्या बाजूने जिंकायला सांगा. एकदा झाल्यावर बाजू बदला. आमच्याकडे हे दोन रविवार चाललंय आणि अजून कोणाला डी२ वर हत्ती टाकायची संधी मिळालेली नाही.